मामाजींची गरम खोली

ती. माणिकबाई यांना, चिखलदऱ्याहून तुमची भावजय शकुन हिचा नमस्कार.

त्या सकाळी बंब पेटला होता, अंगण झाडून झालं होतं. सडा टाकायला म्हणून मी बादली घेऊन मामाजींच्या खिडकीखाली गेले, तर खिडकीच्या कठड्यावर शेजारच्या हलीमाबींची दोन मांजरं आणि एक कोंबडी अंगाला अंग लावून झोपलेली. (मांजर आणि कोंबडी. भांडण नाही, तंटा नाही.) थंडी अशी की बादलीतलं पाणी हाताला चावत होतं, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरं साचलं होतं, आणि ही तिघं वैशाखातल्यासारखी अंग सैल सोडून पडलेली. मी कोंबडीला हुसकलं, ती हलली नाही. कठड्यावर हात ठेवला तर कठडा कोमट. खिडकी सताड उघडी, आणि तुमच्या रोहितने पाठवलेल्या एसी मशीनची गरम हवा आतून निघून सरळ सेमाडोहच्या जंगलाकडे चाललेली. आत मामाजी दोन घोंगड्या पांघरून खोकत होते. जंगलाला ऊब आणि मामाजींना खोकला, अशी वाटणी झालेली पाहून मी बादली खाली ठेवली. सडा त्या दिवशी राहिलाच.

हे आधी सांगून टाकलं, आता रीतीप्रमाणे विचारते. तुमचे गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र लावता की ते अजून डबीतच झोपलेलं आहे? नात खुशी आता तुमच्या खांद्याला लागली असेल. माझी तब्येत चांगली आहे. मामाजींची मध्यम आहे, आणि पत्र त्याचंच आहे. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, रोहित स्पीकर लावून मध्ये ओरडत बसतो, आणि आमच्या घरात रेंज फक्त मामाजींच्या खुर्चीपाशी येते. म्हणजे जे त्यांच्या मागे तुम्हाला सांगायचं, ते त्यांना आधी ऐकू गेलं असतं आणि तुम्हाला गेलंच नसतं. म्हणून लिहिते.

तुमचा निरोप मिळाला की मशीनने काम भागत नसेल तर संक्रांत झाली की रोहित गाडी घेऊन येईल आणि मामाजींना अकोल्याला नेईल. डॉक्टरांचं म्हणणंही तेच आहे. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ भरून त्यांना अमरावतीला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, एकतर खोली गरम ठेवा, नाहीतर हिवाळ्यापुरता डोंगर सोडा. मामाजींना डोंगर सोडायचा नाही. तुम्ही त्यांची मुलगी, तुमचा हक्क पहिला, हे मला मान्य आहे. मी एवढंच म्हणते की दोष मशीनचा नाही. दोष आम्हा वऱ्हाडच्या लोकांचा आहे. तो कसा ते सविस्तर लिहिते, कारण मला थोडक्यात लिहिता येत नाही. (ज्यांनी शाळेत निबंध लिहिले त्यांना कुठे थांबायचं ते कळतं. मी रद्दीतले पेपर वाचून शिकले, आणि रद्दीत शेवटचं पान बहुधा सापडतच नाही.)

मशीन दिवाळीनंतर आलं. हे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम, दोन्ही करतं, हे रोहितने सांगितलं होतं. परतवाड्याचा मिस्त्री बसवायला आला. त्याने आजवर लोकांची घरं गार करूनच पोट भरलेलं, त्याचा हात सवयीने चालला. त्याने गार हवा सुरू केली, एकदम मस्त चालतं म्हणाला, चहा घेतला आणि डोंगर उतरून गेला. रिमोटवर एक सूर्य आहे आणि एक बर्फाची चांदणी. दिवसभर चांदणी चालू राहिली. मामाजी कानटोपी घालून, हात बगलेत धरून मशीनच्या बरोबर खाली बसून होते. नातवाने पाठवलेली वस्तू, उठून गेलं तर तिचा अपमान होईल. मी विचारलं, मामाजी, कसं वाटतं? म्हणाले, "चांगलं हाय. नवं हाय, तापाले वेळ लागन." संध्याकाळी त्यांचे ओठ निळे दिसायला लागले तेव्हा मी खोक्यातलं माहितीचं पुस्तक काढलं. मी औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा शेवटपर्यंत वाचते हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा कुठे सूर्य उगवला.

आता खिडकीचं. आपल्या घराने अकोल्यात जन्मभर कूलर बनवले. मामाजी पत्रा कापायचे, तुमचे भाऊ मोटर बसवायचे, आणि जाळीत गवत भरायचं काम तुमच्या लग्नापर्यंत तुमचं, पुढे माझं. बोटं सोलून निघायची. गिऱ्हाईक कूलर घेऊन निघालं की त्याला दारात थांबवून एक वाक्य सांगायचं, खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घर दमट होईल. ते वाक्य आपल्या हाडात शिरलं आहे. भिंतीवरून वारा सोडणारी कोणतीही वस्तू दिसली की अकोल्याच्या माणसाचा हात आधी खिडकीच्या कडीकडे जातो. मामाजींचा गेला. तुम्हीही रोहितकडून निरोप दिला होता की खिडकी उघडी ठेवायला विसरू नका. (दोष देत नाही. मीही मान डोलावली होती.) तुमचे भाऊ लोकांना गारवा विकून विकून शेवटी उन्हाला कंटाळले, दुकान मोडलं आणि इथे येऊन स्ट्रॉबेरीचे वाफे लावले. आता गारवा फुकट आहे, असं म्हणायचे. तो त्यांना फार हिवाळे मिळाला नाही. वाफे मी अजून करते. फळ लहान येतं, पण येतं.

खिडकी बंद झाली आणि खोली खरोखर गरम झाली. पण मशीनचा दुसरा भाग बाहेरच्या भिंतीवर असतो, पेटीसारखा. फार गारठा पडला की त्याच्या जाळीवर बर्फ धरतं. मग मशीन आतला वारा थोडा वेळ थांबवतं, बाहेरचं बर्फ वितळवतं, आणि त्या पेटीतून वाफेचा मोठा लोट निघतो. हे पुस्तकात होतं, पण मी त्या पानापर्यंत पोचले नव्हते. हलीमाबी (त्यांचं खव्याचं दुकान आहे, त्यांची रबडी तुम्ही खाल्ली आहे) एकदा पहाटे दूध तापवायला उठल्या होत्या. त्यांना धूर दिसला. "शकुनबाई, उठा व, तुमची मशीन जलून राहिली," असं ओरडत त्यांनी टाकीतलं पाणी बादलीने त्या पेटीवर ओतलं. मशीन शांत राहिलं, ते पाऊस सोसायला बनवलेलंच आहे. मामाजी कानटोपी सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "हलीमा, काहून वं, सकाळी सकाळी त्याले आंघोळ घालून राहिली?" हलीमाबी बादली खाली न ठेवता म्हणाल्या, "चाचा, तुमी तं दिवाळीपासून केली नाही. मनलं, तुमच्या घरात कोनी तरी करू द्या." मामाजी हसले. हसता हसता खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. आम्ही दोघी हसायच्या थांबलो.

मग दह्याचं प्रकरण झालं. इथे हिवाळ्यात विरजण लागत नाही, दूध सकाळी दूधच राहतं. हलीमाबींनी सहज दुधाचं एक भगोनं मामाजींच्या खोलीत ठेवून पाहिलं, तर सकाळी दही असं घट्ट की पळी उभी राहावी. ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. मामाजींच्या फळीवरची देवाची पोथी खाली आली आणि भगोनी वर गेली. कोणाचं कोणतं ते त्यांना पाठ झालं, आणि एखादी आली नाही तर ते अंगणात उभं राहून तिला हाक मारू लागले. इतकं सुख त्यांच्या तोंडावर मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पण प्रत्येक भगोन्यामागे दार उघडायचं, ठेवायला, न्यायला, आणि मध्येच लागलं का ते बघायला. मी दारावर पाटी लावली, 'दही पाहण्यासाठी दार उघडू नये.' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी काय लिहिलं ते विचारायला दार उघडलं. शेवटी सगळी भगोनी मी स्वयंपाकघरात, बंबाजवळ नेली. तिथे दही पातळ लागतं आणि माझ्याशी काही बाया तुटक बोलतात.

तर अशी चांदणी गेली, खिडकी गेली, दही गेलं. तरी सकाळी मामाजींची खोली गारच आणि खोकला तिथेच. मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुस्तकाप्रमाणे आमचं काहीच चुकत नव्हतं. मग मधलं दार लक्षात आलं. मामाजींची खोली पुढची, माझी मागची, मध्ये ते दार. रोज निजताना मी ते ओढून घेते. सकाळी ते उघडं असतं, आणि परत लागू नये म्हणून खाली वरवंटा टेकवलेला असतो. मी विचारलं तेव्हा म्हणाले, वाऱ्याने उघडलं असेल. (वारा वरवंटा उचलत नाही, पण सासऱ्यांना असं म्हणता येत नाही.) पुन्हा विचारलं तेव्हा कूलरचं कारण निघालं. मग एकदा चहा दिल्यावर मी पदर सावरून तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, मामाजी, दार असंच राहिलं तर संक्रांतीनंतर माणिकबाई तुम्हाला घेऊन जातील.

ते बशीत फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "तुया खोलीत मशीन हाय का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग? मी एकटाच ऊब खात बसू? पोरगी तिकडे काकडून राहिली आन मी इकडे दार लावून निजू? माहा देवीदास काय म्हनन मले?"

मी कप घेऊन आत गेले. घासलेली भांडी पुन्हा घासली.

माणिकबाई, मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी, तुमच्या आईंनी, सांगितलं होतं की सासऱ्यासमोर सून आडवी होत नाही. ते मी पाळलं. अंगात ताप असला तरी मामाजींची चाहूल लागली की मी उठून बसते. त्यांनीही पाळलं. मागच्या खोलीकडे यायचं असलं तर ते अंगणापासून खाकरत येतात. तुमचे भाऊ होते तोवर ह्या रीतीचं ओझं कधी वाटलं नाही. आता घरात आम्ही दोघंच, खोली एकच गरम. ते ऊब माझ्याकडे पाठवतात, मी दार ओढून ती परत पाठवते, आणि मधल्या मध्ये ती कोणाचीच होत नाही. मशीन रात्रभर चालतं. त्याला वाटत असेल, ह्या घरात किती माणसं आहेत.

बाकी सर्व ठीक आहे. गुडघ्याला तीळतेल कोमट करून लावत जा. रोहितला सांगा, मशीन उत्तम आहे. खुशीला आशीर्वाद.

तुमची,
शकुन

ता. क. — पत्राचं खरं कारण वर लिहायला धीर झाला नाही, ते इथे लिहिते. मी माझी खाट मामाजींच्या खोलीत, पलीकडच्या कोपऱ्यात, मध्ये पडदा बांधून टाकली तर चालेल का? आत्याबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं. आता घरातल्या मोठ्या बाई तुम्हीच. तुम्ही मामाजींना दोन ओळी लिहा की तुमचीच तशी इच्छा आहे. हे माझ्या तोंडून निघायचं नाही आणि त्यांच्याही. मग दार लागेल, खोली गरम राहील आणि रोहितला गाडी आणावी लागणार नाही.

ता. क. दुसरं — वरचं परत वाचलं. त्यात खोटं काही नाही, पण पुरतं खरंही नाही. मागच्या खोलीत आमच्या दोन खाटा दोरीने जोडलेल्या आहेत, सरकू नयेत म्हणून तुमच्या भावांनीच बांधल्या होत्या. त्यांच्या खाटेवर कोणी झोपत नाही, तरी सकाळी मी तिची चादर नीट करते. ती खोली गार आहे, पण माझा पाय तिथून निघत नाही. मला वाटलं होतं, तुम्हाला विचारावं, तुम्ही लोक काय म्हणतील असं लिहून नको म्हणाल, आणि मला जायला लागणार नाही. असं विचारणं बरं नाही. तुम्ही काही उत्तर लिहू नका.

ता. क. तिसरं — पत्र टाकायचं राहिलं, कारण परवा मामाजींना धाप लागली. दुपारपर्यंत हलीमाबी आणि मी त्यांना आळीपाळीने वाफ देत होतो. डॉक्टरांना फोन करून औषध वाढवून घेतलं. आता उतार आहे, काळजी करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही खाटांची दोरी सोडली. तुमच्या भावांची खाट भिंतीशी उभी केली. माझी हलीमाबींच्या मदतीने मामाजींच्या खोलीत नेली आणि मध्ये माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. मामाजी खुर्चीत बसून पाहत होते. दिवा लावला, जेवणं झाली, आणि मी मधलं दार लावून झोपले.