गुडघ्याच्या पुड्या

सोमवार, ८ जुलै १९९६
पुन्हा एक पुडी कमी! काल मोजून नऊ ठेवल्या, सकाळी एक घेतली. आठ पाहिजेत — सातच! डब्यापाशी सकाळी रुद्राणीच होती. सुनेला तोंडावर विचारलं. "मी कशाला हात लावू, आत्या?" नजर मात्र खाली.

आधी गुडघे धरले, त्याला सात वर्षं झाली. मग साखर, मग बीपी, औंदा डोळ्यांत मोतीबिंदू. साखरेचा डॉक्टर बीडला, बीपीचा इथं केजात, आणि गुडघ्यांना शहादेव वैद्याची पुडी. पुडीचं नाव काढलं की दोघंही डॉक्टर खेकसतात. म्हणून सांगतच नाही. पण ती घेतली की जिना चढते मी! बाकीच्या गोळ्यांनी काय होतं, देव जाणे.

गुरुवार, ११ जुलै
डब्याला कुलूप. किल्ली कमरेला.

रविवार, १४ जुलै
अमरनाथ दुकानाला निघाला होता, तेवढ्यात सांगितलं — तुझी बायको माझं औषध चोरते. "तिला काय करायच्यात तुझ्या पुड्या, आई?" पोरगा बायकोचाच! मी अंथरूण धरलं की घर हिच्या हातात, एवढं कळत नाही त्याला?

शुक्रवार, १९ जुलै
आता नवीनच टूम. म्हणते, "सगळी औषधं एका पिशवीत घेऊ, अंबाजोगाईला एकाच डॉक्टरला दाखवू." एवढा पुळका कावून? मला तिथं भरती करून मोकळी होणार. पण अमरनाथही हटूनच बसला. पुड्या घरीच ठेवून जाईन.

सोमवार, २२ जुलै
अंबाजोगाईहून आत्ताच आलो.

डॉक्टरनं गोळ्या पाहिल्या, मग माझं तोंड निरखलं. "चेहरा असा कधीपासून सुजलाय? आणखी काय घेता?" मी म्हटलं, काही नाही. तशी रुद्राणीनं पदराची गाठ सोडली — दोन पुड्या! "मीच चोरल्या, आत्या. डॉक्टरांना दाखवायला."

डॉक्टरनं चिमूट बोटांवर चोळली. "यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटलेल्या दिसतात. गुडघे त्यानंच हलके वाटतात. साखर, बीपी, मोतीबिंदू — तेही बहुतेक त्यानंच." आणि वर — "एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. मी हळूहळू सोडवतो."

एसटीत मी तिच्यापासून लांब, पुढच्या बाकावर बसले. डॉक्टर तरी खरं बोलतो कशावरून?

बुधवार, २४ जुलै
वैद्याकडे गेले. पुडी पुढं केली. "काय हाय ह्याच्यात?"
"झाडपाला."
"कोणता?"
"आता सात वर्षांनी इचारता व्हय, गंगासागरबाई?" हसला. पुडी हातातून घेतली — परत दिली नाही.

गुरुवार, १ ऑगस्ट
डॉक्टरनं लिहून दिल्याप्रमाणे रुद्राणी सकाळ-संध्याकाळ गोळ्या हातावर ठेवते. गुडघे लई ठणकतात. रडू येतं. ती शेकत बसते.

रविवार, ४ ऑगस्ट
आज विचारलं — तुला पुडीचा संशय आला कसा?
ज्वारी निवडत होती, सूप बाजूला सारलं. म्हणाली, "आमची आई साखर वाढून गेली ना, आत्या. तिच्या उशाखाली ह्याच पुड्या होत्या."
विहीणबाईंना त्या मीच धाडायचे. दर महिन्याला.