ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी विचार करते

२ ऑक्टोबर २०२५, दसरा. सकाळी ११
गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार, टायरखाली लिंबू, बॉनेटवर कुंकू. कालच कराडहून धनाजीच्या गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणली. धनाजी म्हणजे अक्काचा पोरगा, माझा भाचा. पाना कसा धरायचा हे त्याला मीच शिकवलं, म्हणून हात बरा आहे.
निश्चय: आजपासून पायात काही घालून गाडी चालवायची नाही. लक्ष्मी आहे ती. आमचे आबा मेंढरं बसलेल्या जागेत कधी पायताण घालून शिरले नाहीत, आणि मी लक्ष्मीवर चप्पल दाबायची? ही म्हणाली, मग चप्पल ठेवणार कुठं? चप्पल नवी आहे, तीन पदरी तळाची, करकर वाजणारी. मागच्या सीटवर हिच्या पिशव्या असतात, तिथं ही ठेवू देत नाही. डिकीत ठेवली तर काढायला कोण वाकणार? शेवटी माझ्याच पायांपुढं आत सारून ठेवली. नजरेसमोर राहते. डोकं लागतं.

३ ऑक्टोबर
बाजारात गेलो. गाडीला काहीतरी झालंय. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचार करते, मग नाइलाजानं हलते. पार तळापर्यंत दाबला तरी तेच.
परवा कराडहून विट्याला येताना बरी पळत होती. म्हणजे लबाडी अशी केलीय की दोन दिवसांनी कळावी.

४ ऑक्टोबर
घाईनं कुणावर आळ घ्यायचा नाही. आधी पेट्रोल तपासलं. बाटलीत काढून वास घेतला. पंपावर जाऊन भांडलो. पंपावरचा पोरगा म्हणाला, आजोबा, बाकीच्या गाड्या पळत्यात की. त्याला सांगितलं, बाकीच्यांना कळत नाही, मला कळतं. पाणीपुरवठ्याच्या मोटारी पस्तीस वर्षं सांभाळल्या. कॉलेजात न जाता इंजिन नुसतं कानानं ओळखतो.
घरी येईपर्यंत डोकं दुखत होतं. वासानं असेल.

६ ऑक्टोबर
कराडला निघालो. कडेगावच्या पुढच्या चढाला गाडी पार रडकुंडीला आली. मागून कोंबड्यांचा टेम्पो आला, हॉर्न मारला आणि पुढं गेला. जाळीतून कोंबड्या माझ्याकडं बघत होत्या. आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता.
धनाजीनं गाडीला लॅपटॉप जोडला. म्हणाला, मामा, कायबी फॉल्ट दिसत न्हाई. मग स्वतः बसून मलकापूरपर्यंत फेरी मारून आला. म्हणाला, पाखरावानी पळतीया की. आणि पुढं, आवं मामा, त्या तुमच्या चपला तेवढ्या...
तिथंच त्याला तोडला. म्हटलं, इंजिनाचं बोल, पायताणाचं बोलू नकोस. मामाच्या पायाकडं बघायला तू मोठा झालास व्हय? त्यानं लॅपटॉप गुंडाळला. माझ्या चपला त्यानं मागच्या सीटवर ठेवल्या होत्या. त्या उचलून परत जागेवर सारल्या.
ओगलेवाडीच्या पुढं येतो तोवर गाडी पुन्हा मेली.
म्हणजे तो चालवतो तेव्हा पळते, मी चालवतो तेव्हा पळत नाही. यात काय ते ओळखायला शहाणा माणूस लागत नाही.

७ ऑक्टोबर
नक्की कुठंतरी बटण लपवलेलं आहे. सकाळभर गाडीतली सगळी बटणं दाबून पाहिली. वायपर चालू झाला तो बंद होईना. हॉर्न अडकला. गल्लीतली कुत्री जमली. ही गॅलरीतून म्हणाली, आवं, गाडी हाय का बँजो हाय?

९ ऑक्टोबर
कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेलो. मधुकरराव होते. बँकेतून रिटायर झालेला माणूस, पोट भरलेलं आणि वेळ भरपूर. गाडीचं काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी अगदी मोजकं बोललो. एवढंच म्हणालो की सर्व्हिसिंगच्या नावाखाली धनाजीनं चांगला पार्ट काढून घेतला आणि जुना बसवला. ते म्हणाले, अहो, सख्खा भाचा ना? मी म्हणालो, सख्खा आहे म्हणून तर एकच काढला.
सगळे हसले. मीही हसलो. बोलण्यात आपण कुणाला हार जात नाही.

त्याच दिवशी, दुपारी ३
कराडहून अक्काचा फोन. हॉटेलातली गोष्ट चार तासांत तिच्या दारात. काय बोलली ते लिहीत नाही. शेवटी म्हणाली, लाला, माझ्या पोराला तू चोर म्हणालास. धनाजीचा बाप गेला तेव्हा तूच त्याला मांडीवर घेतलं हुतंस. फोन ठेवला.
मधुकररावांशी बोलणं बंद. कायमचं.

११ ऑक्टोबर
आज यश!
बाजारपेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून इंजिन साफ करायचं औषध आणलं, बाटलीभर टाकीत ओतलं. दुकानदार म्हणाला, काका, थोडंच घाला. मी सगळं घातलं. रोग मोठा आहे.
चपलेचा अंगठा उसवला होता म्हणून ती सकाळीच चांभाराकडं टाचायला दिली होती. अनवाणीच खानापूरपर्यंत जाऊन आलो. गाडी सुटली ती सुटलीच! दोन मोटारसायकली आणि एक एसटी मागं टाकली. पाय जरा दाबला की मान मागं जाते.
हिला सांगितलं, बघ, लॅपटॉपवाल्यांना जमलं नाही ते मी बाटलीत केलं. ही म्हणाली, मग आता धनाजीला फोन करा आन् चुकलो म्हणा. म्हटलं, कशाला? रोग होता हे तर सिद्धच झालं.

१२ ऑक्टोबर
चप्पल टाचून मिळाली, छान झालीय. चांभाराच्या दुकानातून गाडीत बसलो. गाडी मेली.
औषध एका दिवसाचंच होतं. काय लुटतात लोकांना! दुकानदाराशी भांडायला जायचं होतं, पण चढाला गाडी ओढेना, म्हणून चालत गेलो. तोवर दुकान बंद.

१४ ऑक्टोबर
आता कुणावर अवलंबून राहायचं नाही. थ्रॉटल बॉडी म्हणजे हवा आत घ्यायचं तोंड. ते मोबाईलवर बघून स्वतः खोललं. हिच्या जुन्या टूथब्रशनं घासलं. चक्क चमकतं. परत जोडलं. दोन स्क्रू उरले. कंपनी जादाच देते.
ब्रश जुना नव्हता असं संध्याकाळी समजलं.

१५ ऑक्टोबर
गाडी चालू होत नव्हती. एक स्क्रू जागेवर बसवल्यावर झाली. एक अजून खिशात आहे. गाडी पहिल्यासारखीच मेलेली.
तरी एक गोष्ट पक्की झाली: थ्रॉटल बॉडी चांगली आहे. म्हणजे धनाजीनं दुसराच कुठलातरी पार्ट काढलाय.

१६ ऑक्टोबर
अक्काचा पुन्हा फोन. अगदी थंडपणे बोलली, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाली, कुठला पार्ट गेलाय ते दाखव. दाखवलास तर मी माझ्या पोराला तुझ्या पायावर घालीन. न्हाई दाखवलास तर भाऊबीजेला माझ्या दारात यायचं न्हाई.
मला कळायला लागल्यापासून एक भाऊबीज चुकली नाही. ती सासरी गेली त्या वर्षी आबांनी मला मेंढरांमागून काढून म्हसवडहून पाठवलं होतं. वाटेत मिळालेल्या लष्कराच्या एका ट्रकमध्ये बसून गेलो होतो, अंगात ताप असताना. गाडी नव्हती तेव्हा जात होतो, आणि आज दारात गाडी असून...
जेवलो नाही. भूक नव्हती. पार्ट शोधलाच पाहिजे.

१७ ऑक्टोबर
शोधला. मिळाला नाही. म्हणजे फार हुशारीनं काढलाय.

१९ ऑक्टोबर. सकाळी १०
दिवाळीची साफसफाई. ही गाडी झाडायला बसली. मग हाक मारली, आवं, इकडं या.
गेलो. ही ड्रायव्हरच्या सीटवर, हातात माझी उजवी चप्पल. म्हणाली, वाकून हातानं ॲक्सिलरेटर दाबा आता. दाबला, तळापर्यंत गेला. मग चप्पल परत ॲक्सिलरेटरच्या मागं सारून ठेवली. म्हणाली, आता दाबा. अर्ध्यातच अडकला. तीन पदरी तळ आडवा.
मग ही हसायला लागली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली. चप्पल मी हिच्या हातातून काढून घेतली.
हिला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारी
शांतपणे विचार केला. चूक माझी नाही. ॲक्सिलरेटरमागं एवढी मोकळी जागा ठेवलीच कशाला कंपनीनं? आणि धनाजीला माहीत होतं तर त्यानं सांगायला नको होतं का? सांगायला सुरुवात केली होती, पण पूर्ण करायला कुणी अडवलं होतं?
मी अडवलं होतं. पण मामानं अडवलं म्हणून भाच्यानं थांबायचं?

२२ ऑक्टोबर, पाडवा
सगळं ठरलं आहे. अक्काला फोन केला, उद्या येतो, आल्यावर सगळं सांगतो; ये म्हणाली. उद्या सकाळी निघायचं, चपला हिच्या पायाशी. अक्काला सांगायचं, बिघाड सापडला, मीच दुरुस्त केला, धनाजीबद्दल माझ्या मनात काही नाही, मी त्याला माफ केलं. मोठेपणा दाखवला की माणसं विरघळतात.
ही म्हणाली, माफ? तुमी? मग म्हणाली, मी काय बोलणार न्हाई, शपथ हाय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. दुपारी ४
गाडी भन्नाट पळाली. कडेगावच्या चढाला तीन टेम्पो मागं टाकले. एवढीच गोष्ट आज चांगली झाली.
अक्का दारात उभी होती. पाट मांडलेला, ताट तयार, निरांजन लावलेलं. धनाजी नवा शर्ट घालून बाजूला. मी उंबऱ्याच्या बाहेरूनच भाषण केलं. बिघाड, दुरुस्ती, माफी. पाठ केलं होतं तसं सगळं आलं.
अक्का म्हणाली, नेमकं काय बिघडलं हुतं?
मी म्हणालो, ॲडजस्टमेंट.
ती म्हणाली, कशाची?
मी निरांजनाकडं बघत राहिलो. तेवढ्यात धनाजी पुढं झाला. म्हणाला, आये, माझंच चुकलं. एक नट ढिला ऱ्हायला हुता. मामा बरोबर हुतं.
आणि माझ्याकडं बघितलंही नाही त्यानं.
अक्काचा चेहरा उतरला. ती त्याला म्हणाली, म्हंजी मी दोन आठवडे तुझ्यापायी भावाशी भांडले व्हय रं? लोकांच्या गाड्या असल्या दुरुस्त करतोस? तो मान खाली घालून ऐकत होता. मी एक शब्द बोलायचा होता. मनात म्हटलं, आता प्रकरण मिटतंय तर मिटू दे.
मग ही पुढं झाली. शपथ बिपथ काही नाही. म्हणाली, वन्सं, त्या पोराला बोलू नका. ह्यांची चप्पल हुती! ॲक्सिलेटरच्या मागं ह्यांचीच चप्पल अडकलेली हुती, आन् ह्ये दोन आठवडे जगाला शिव्या घालत हुते!
गल्लीतलं कुणीतरी हसलं. अक्का नाही हसली. तिनं फुंकर घालून निरांजन विझवलं, ताट आत नेऊन ठेवलं आणि परत आली. मला म्हणाली, चप्पल अडकली त्याचं काय न्हाई, लाला. कुणाचीबी अडकंल. पोरगं तुझी अब्रू झाकाया खोटं बोललं आन् तू उभा ऱ्हाऊन बघत हुतास. जिथं चोर म्हणालास तिथं जाऊन शब्द मागं घे. आता आत ये, जेवून जा. पाहुणा म्हणून जेव. भाऊ म्हणून मागनं ये.
जेवलो. बासुंदी होती. धनाजीनं दोनदा वाढली. मी त्याला म्हणालो, बास. एवढंच बोलणं झालं.

२४ ऑक्टोबर. सकाळी ९
हॉटेलात गेलो. बसून बोलणार होतो, पण बसवेना. मधुकरराव, बाजूला सहा-सात जण. उभ्यानंच म्हणालो, धनाजीनं कसलाही पार्ट काढलेला नाही. मी खोटं बोललो.
मधुकररावांनी विचारलं, मग गाडीला झालं काय होतं?
इथं गुळमुळीत काहीतरी सांगता आलं असतं. कार्बन, सेन्सर, पाच-सहा शब्द मला येतात. सांगितलं, माझी चप्पल.
हसले. खूप हसले. हॉटेलवाल्यानं भजी तळायची थांबवली आणि हसला. मधुकरराव डोळे पुसत होते. मी हसू संपेपर्यंत उभा राहिलो. मग धनाजीला फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. म्हणालो, धनाजी, मामा चुकला रं.
पलीकडून गॅरेजचा खडखडाट. मग म्हणाला, आवं मामा, असूं द्या की. आये हितंच हाय, देतो फोन.
अक्का म्हणाली, ऐकलं समदं. परवा रविवार हाय, ये. ओवाळायचं ऱ्हायलंय.
मी म्हणालो, सकाळी लवकरच निघतो, पाऊण तासात पोचतो.
ती म्हणाली, न्हाई. एसटीनं ये.
पावणेआठला विटा-कराड आहे. चौकशी करून आलो.