तालुक्याच्या पुस्तकात नसलेलं घर

सूर्यकांत,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तसंच सुरू करते. तू इथल्या मराठी मंडळासाठी आपल्या तालुक्यावर लिहिलेलं पुस्तक वाचलं. चौथी शिकलेल्या बाईला दोन दिवस लागले, दोन्ही फुकट गेले.

गावं किती, नदी कुठली, माळी कुठे, कुंभार कुठे, धनगर कुठे, सगळं आहे. सगळे गुण्यागोविंदाने राहतात म्हणे. आपल्याला चहा वेगळ्या कपात मिळायचा, तेव्हा तू आंधळा होतास का? तिकडे लग्नात सूप लागतंच, असंही लिहिलंस. मग ते विणणारे बुरूड कुठे गेले, साहेब? सुपं काय झाडाला लागतात? बांबू तासून आईची बोटं कायम चिरलेली असायची, त्याच बोटांच्या जिवावर तू शिकलास.

काल तुझी मयुरा पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. "आत्या, इसमें हम कौन हैं?" मी म्हटलं, बाबा टूरवरून आले की त्यांना विचार. पण तू येशील, "हम तो बस मराठी हैं, बेटा" म्हणशील, आणि मी मुकाट्याने पोळ्या लाटेन, राजधानीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये बारा वर्षं लाटल्या तशा. तुझ्याइतकीच मीही भेकड.

ती आता शाळेतून येईल. तिला मीच सांगते. मग हे पत्र तुला द्यायची गरज नाही, तिच्याच तोंडून ऐक.

दामू बुरडाची थोरली लेक,
पारू