काकीसाठी निवडलेलं गाणं

पेण, शनिवार संध्याकाळ

धाकट्या भावाच्या रिसेप्शनची गाणी मी निवडायची आहेत. आईचं वर्ष व्हायच्या आत लग्न उरकतोय. आज रोह्याहून काकीचा फोन आला. "आम्ही स्टेजवर चढू तेव्हा झकास कायतरी लाव गो. रडकं नको हां!"

मी बरं म्हटलं. मी नेहमी बरंच म्हणते.

आई लग्नात धवले गायची, आमची जुनी गाणी. काकीच्या मुलीच्या हळदीला ती गात होती, तर काकीने मध्येच तिच्या हातातला माईक काढून घेतला. "पुरे गो वैनी, पोरांना नाचायचं हाय. बेंजो चालू करा रे!" सगळे हसले. त्यानंतर आई कुठेच गायली नाही. घरातसुद्धा नाही.

तो धवला मी तेव्हा रेकॉर्ड केलेला, अजून माझ्या मोबाइलवर आहे. आईचा तेवढाच आवाज उरलाय. काकी स्टेजवर चढताना तोच लावणार, रामवाडीच्या भरल्या हॉलमध्ये. भावाला वाईट वाटेल का? वाटलं तर वाटू दे. "पुरे गो वैनी" त्यात आहे, ते हसणंही आहे.

डीजेवाल्याने ऐकून विचारलं, "ताई, शेवटी कोणतरी बाई मध्येच बोलते. कापू का?"

"नको," मी म्हटलं. "तिथे आवाज वाढव."