फ्रिजवरचा कागद

धाकटे,

लेकीसाठी समुपदेशक बाई दर मंगळवारी घरी येतात. त्यांच्या सांगण्यावरून सुऱ्या, गोळ्या सगळं कुलपात ठेवलंय. काकडी चिरायची तरी मी आधी किल्ली शोधते.

काल त्यांनी तिच्याकडून एक कागद भरून घेतला. जीव नकोसा झाला तर कुणाला फोन करशील? तिनं तुझं नाव लिहिलं. माझं नाही. कागद फ्रिजवर लावलाय.

"मावशीला कल्पना दिलीय ना?" बाईंनी विचारलं. मी बेधडक हो म्हणाले.

तीन वर्षांचा अबोला मोडून आज तुला फोन लावला. तू कट केलास. पुन्हा लावला, पुन्हा कट. मेसेज तर उघडतच नाहीस. तुला काय दोष देऊ, मी तेव्हा बोललेच होते तसं.

पण तिनं स्वतःचा मोबाइल भिंतीवर आपटून फोडलाय. ती फोन करेल तो माझ्याच फोनवरून, आणि तुला दिसेल माझं नाव. तेवढा एक फोन उचल गं.

हे पत्र टाकायचं तर पोस्टाची पेटी चौकात आहे. जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. बाई आता पुढच्या मंगळवारी येतील. तोवर तिला दहा मिनिटं एकटी कशी सोडू?

तुझीच,
ताई