बुंधा, साखळी आणि साडू

६ जानेवारी
ही सूडाची वही. ('सूड' खोडून वर 'संशोधन' लिहिलं. हिच्या हाती लागायला नको.)
काल सासऱ्यांच्या शेतात आमची कार पाटाच्या चिखलात रुतली. साडूने आपल्या जुनाट ट्रॅक्टरने ती ओढून काढली. काढली ती काढली, वर चाळीस माणसांदेखत म्हणाला, साडूभाऊ, हा चिखल आहे, फळा नव्हे. सासरे हसले. ही पण हसली. मी मोजलं, अकरा सेकंद.
सोडणार नाही.

८ जानेवारी
योजना पक्की. साडूच्यापेक्षा जुना आणि साडूच्यापेक्षा दमदार ट्रॅक्टर घ्यायचा. सासऱ्यांच्या शेतात दोन्ही ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे, मधे साखळी. त्याला फरफटत त्याच पाटात नेऊन सोडायचं. मग मी एकच वाक्य बोलणार. (वाक्य सुचायचंय.)
हिने विचारलं, आपल्याकडे शेत कुठंय? प्रश्न गैरलागू.

९ जानेवारी
साडूला फोनवर आव्हान दिलं. २ फेब्रुवारी, रविवार, सकाळी दहा. लगेच हो म्हणाला. इतक्या आनंदाने हो म्हणाला की पुन्हा राग आला.

१२ जानेवारी
गॅरेजवाल्याकडे तीन म्हातारे ट्रॅक्टर आहेत: लाल, निळा, करडा. तो म्हणाला, ऐकून घ्या, मी सांगतो कुठला चांगला. मी म्हटलं, एकोणतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, ऐकीव माहितीवर जात नाही. प्रयोग करणार. आमच्या परसात वाळक्या झाडाचा बुंधा आहे. तिन्ही ट्रॅक्टरांना तोच बुंधा, तीच साखळी, तोच निरीक्षक. याला म्हणतात शास्त्र.

१४ जानेवारी
लाल. पहिला गिअर, भरपूर धूर. जमिनीखाली काहीतरी काडकाड मोडलं. बुंधा जरासा कलला, पण बाहेर आला नाही. नापास.

१६ जानेवारी
निळा. बुंधा अर्धा वर आला, मुळं उघडी पडली. पण अर्धा म्हणजे अर्धाच. नापास. धडपडीचे दोन मार्क.

१८ जानेवारी
करडा!! एका झटक्यात बुंधा मुळासकट बाहेर. मी टाळ्या वाजवल्या. गॅरेजवाला काहीतरी बोलणार होता, त्याला गप्प केलं. निकाल लागल्यावर वाद नको. जागेवरच घेतला.
ही म्हणाली, बरणीच्या झाकणाशी तुम्ही दहा मिनिटं झटता, मग मी हात लावला की उघडतं, म्हणून मी पहिलवान झाले का? बरणीचा इथे काय संबंध, कळलं नाही.
बुंध्याच्या जागी कमरेएवढा खड्डा पडलाय. उद्या बुजवणे.

२१ जानेवारी
देव आहे! साडूच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला. त्याचा बिचाऱ्याचा मलाच फोन, साडूभाऊ, तुम्ही तिन्ही तपासलेत, उरलेल्यांतला कुठला घेऊ? मी मोठ्या मनाने सांगितलं, डोळे झाकून लाल घे. फोन ठेवून पोट धरून हसलो. चौदा सेकंद.
खड्डा राहिला.

२७ जानेवारी
वाक्य सुचलं. 'साडूभाऊ, हा चिखल आहे, बढाई नव्हे.' आरशासमोर वीस वेळा म्हटलं. शेवटी भुवई उचलायची.
खड्डा: फावडं शेजाऱ्याकडे आहे. मागायला गेलो तर तो गप्पा मारत बसतो.

१ फेब्रुवारी
खड्ड्यावर ताडपत्री टाकली. दिसत नाही म्हणजे निम्मं काम झालंच.
उद्या!

२ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
नवा शर्ट. करडा पहिल्याच फटक्यात चालू झाला. आता रिव्हर्स घेऊन निघतो.

८.४५
मागचं चाक ताडपत्रीसकट खड्ड्यात. सीटवर तिरका बसून लिहितोय.

९.१०
करड्याने सर्व गिअरमध्ये जोर लावला. चाक आणखी वीतभर खाली. या मातीतच दोष असावा.

९.१५
मला न विचारता हिने साडूला फोन केला.

संध्याकाळ
साडू लाल ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी बांधली. माझीच. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, मी करड्यासकट वर. लालला जराशी धापसुद्धा लागली नाही.
मी खाली मान घालून टोमण्याची वाट बघत होतो. पण त्याने माझ्या नव्या शर्टावरची माती झटकली आणि म्हणाला, साडूभाऊ, तुमचे उपकार झाले. गॅरेजवाला म्हणालाच होता, त्या बुंध्याची जाड मुळं लालनेच तोडली. पण तो पडला विकणारा. तुम्ही लाल घे म्हणालात तेव्हा खात्री पटली.
मनापासून म्हणाला. तेच सहन होत नाही. माझं वाक्य तसंच राहिलं.
मग त्याने सासऱ्यांच्या शेताच्या दिशेने हात करून विचारलं, आता तिकडे जाऊन उगाच डिझेल कशाला जाळायचं? झालंच की आपलं. चहा पिऊन गेला.
साडेदहाला सासऱ्यांचा फोन आला होता. सगळे पाटाशी खुर्च्या टाकून बसलेत, कोण जिंकलं ते तरी सांगा.
हिने सांगितलं, खड्डा.
उद्या बुजवणे.