चार वाजता खाली बसायचं

२ जून

काय सभा झाली! दुकानाच्या मागच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यावर उभं राहून बोलले. आवाज असा लागला की शटर थरथरलं. दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, टेकायचंसुद्धा नाही — का? बाई म्हणजे खांब आहे का? प्रत्येक काउंटरला एक स्टूल, एवढीच मागणी. साधं लाकडी स्टूल! आणि देत नसाल, तर सेलच्या पहिल्या दिवशी घड्याळात चार वाजले की आम्ही सगळ्या, असू तिथे, फरशीवर मांडी घालून बसणार!

टाळ्या थांबेनात. बटणांच्या काउंटरवरची ती धाकटी — आमची चिमणी — चक्क शिट्टी वाजवत होती.

घरापर्यंत हवेतच आले. दारात चपला काढताना आठवलं.

मला खाली बसता येत नाही.

३ जून

यांना सांगितलं. हे प्रेसमधून आणलेली प्रुफं तपासत होते. पेन खाली न ठेवता म्हणाले, "तेवढं वाक्य गाळता आलं असतं." नवरा प्रूफरीडर असला की हे असं!

गमतीची गोष्ट नाही पण. कित्येक वर्षांत मी जमिनीला टेकलेले नाही. एकदा घरंगळलेलं बूच उचलायला बसले, तर दोघांनी धरून उठवलं होतं. आणि आता "बसा" म्हणणारीच उभी राहिली तर? कोण बसेल? मॅनेजर तर वर्षभर हसेल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुडघे आखडलेत, संपलेले नाहीत. योगासनं करा. सावकाश. दुखेल तिथे थांबा."

थांबणं! मला!

४ जून

योगवर्गात चौकशी केली. फी ऐकून तिथेच शवासनात जायची वेळ आली. वर त्यांचीच चटई घ्यायची, त्यांचाच टी-शर्ट. श्वास घ्यायला गणवेश! ज्या कामाला अंग आणि अंगाएवढी जमीन पुरते, तेसुद्धा आता पैसेवाल्यांचं झालं म्हणायचं. नाही होऊ देणार. घरी करणार!

वाचनालयातून पुस्तक आणलं. जुनं, पण चित्रं चांगली आहेत.

५ जून

पलंग भिंतीला सरकवला. जुनी सतरंजी, ती सरकू नये म्हणून खाली रबरी पायपुसणं. पाय ओढायला यांचा कमरपट्टा, अंगात यांचाच पायजमा. खर्च शून्य! हे खुर्चीत बसून पुस्तक वाचणार, मी करणार. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे बोलताहेत आणि मी ऐकतेय.

पहिलं आसन — ताडासन. म्हणजे काय? उभं राहणं!

"मिटा ते पुस्तक!" मी कडाडले. "जन्मभर दुसरं काय करतेय मी?"

"दोन्ही पायांवर सारखा भार, स्वल्पविराम, गुडघे सैल," हे वाचतच राहिले.

केलं. आणि थक्क! सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता पाहुणा. म्हणजे इतकी वर्षं मी धड उभीसुद्धा नव्हते! कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं. दुकानात सगळ्यांना सांगणार.

६ जून

अंगातला स्नायू न् स्नायू तक्रार करतोय. जिना उतरताना कठड्याशी वाटाघाटी कराव्या लागल्या.

९ जून

सुखासन! ज्याने हे नाव ठेवलं त्याला भर सभेत उभं करून जाब विचारायला हवा. गुडघे कानाशी आले.

पुस्तक म्हणतं, खाली उंच उशी घ्या. आमच्याकडे उशा पातळ आणि ग्रंथ जाड. क्रांत्यांच्या इतिहासाचे दोन खंड ओढले, वर चादरीची घडी. ज्यांच्यातल्या वाक्यांवर आजवर टाळ्या घेतल्या, त्यांच्यावरच बसले — आणि गुडघे अलगद खाली! मांडी! खरीखुरी मांडी!

"अर्थशास्त्राचा पण ठेवून बघू का?"

"नको, तो डुगडुगतो," हे म्हणाले.

उठताना मात्र पलंगाची कड, खुर्चीचा पाय आणि हे — तिघांची मदत लागली.

१० जून

एका आसनात उजवा पाय पुढे घेतला. मग पुस्तक म्हणे, आता उजवा पाय पुढे घ्या. गाठच बसली माझी!

"मुद्रणदोष," हे म्हणाले. "इथे 'डावा' हवं." आणि पेन्सिल काढली.

"अहो, वाचनालयाचं आहे ते!"

"मग पुढच्या बाईने पाय मोडून घ्यायचा का?"

उगाच नाही लग्न केलं या माणसाशी.

१३ जून

शवासन जमत नाही. आडवी पडले की डोक्यात सभा भरते. "मैत्रिणींनो!" — आज तर थेट समारोपापर्यंत पोचले.

"प्रेत हातवारे करतंय," हे म्हणाले.

१५ जून

एक खंड कमी केला!!

१८ जून

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. आवाजात साखर. "ताई, तुमचे हाल बघवत नाहीत हो. तुमच्या काउंटरला एक स्टूल ठेवून देतो. फक्त गाजावाजा नको."

"आणि बाकीच्यांना?"

"त्या तरण्या आहेत."

खरं लिहू? मोह झाला. पोटऱ्या ठणकत होत्या आणि स्टूल तिथेच कोपऱ्यात होतं. गुळगुळीत, रुंद बैठकीचं. क्षणभर माझं सगळं वक्तृत्व त्या स्टुलावर जाऊन बसलं.

मग म्हटलं, "जितके काउंटर तितकी स्टुलं आणा. सगळ्यांत शेवटचं मला द्या."

तो हसला. "चार वाजता बसाल हो ताई, पण तुम्हाला उठवायला माणसं मला पाठवावी लागतील."

म्हणजे सगळ्या दुकानाला ठाऊक आहे!

१९ जून

आज चिमणीही म्हणाली, "ताई, तुम्ही उभ्या राहून घोषणा द्या ना. बसायचं आमच्यावर सोडा." मायेने म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

बाकीच्या जमिनीवर आणि मी त्यांच्या डोक्यावर उभी? असलं पुढारीपण पुस्तकांत पुष्कळ वाचलं. त्याची शेवटची पानंही वाचली. बसायचं तर सगळ्यांबरोबर. आणि उठायचं तेही स्वतःच्या पायांवर! नाहीतर दुकानभर एवढंच उरेल की बाईंना उचलावं लागलं. स्टुलाचं कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

२२ जून

उठणं. फक्त उठणं. आधी गुडघ्यांवर, मग एक पाऊल पुढे, हात मांडीवर, श्वास सोडत वर. कलंडले. पुन्हा केलं. पुन्हा कलंडले.

हे धावत आले. "हात नको!" मी ओरडले.

"पुस्तकात हात द्या असं कुठे आहे?" म्हणाले आणि जाऊन बसले. वाचायला लागले. पुस्तक उलटं धरलं होतं.

२५ जून

उठले! खाली खंड नाही, पलंग नाही, खुर्ची नाही, हे नाहीत — माझी मी उठले!

बसले, उठले, बसले, उठले! खिडकीतून ओरडून गल्लीला सांगावंसं वाटलं. हे म्हणाले, "पुरे. खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील." येऊ देत, त्यांनाही शिकवीन! यांचा चष्मा ओला झाला होता. वाफेमुळे म्हणे. चहा तर अजून व्हायचा होता.

दुकानात कुणाला बोलले नाही. मी! एक गोष्ट मनात ठेवली!

२७ जून

उद्या सेल. भाषण लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या, खोडल्या. शवासनात डोकं पहिल्यांदाच गप्प होतं.

२८ जून, दुकानाच्या फरशीवरून

चारला बसलो. सगळ्या! गिऱ्हाईकं हातातलं कापड हातातच धरून बघत राहिली. थोड्या वेळाने मालक स्वतः खाली आले. "मुलींनो, उठा बघू. स्टुलांचं बघतो मी. शब्द देतो." एकेक करून उठल्या. मी उठले नाही.

मॅनेजरने हात पुढे केला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या हात, ताई. साहेब, यांना एकट्याने उठता येत नाही."

"येतं," मी म्हटलं. "शब्द कागदावर द्या. मग उठते."

बस. भाषण संपलं.

मालकांनी अजून कागद मागवलेला नाही. मी पर्समधून ही वही काढून लिहितेय. मागे बटणांच्या काउंटरपाशी कुणीतरी पुन्हा खाली बसल्याचा आवाज आला. आता पडद्यांच्या काउंटरपाशी. आता अस्तरांच्या —